नाकानं घ्या

सावेडीतलं घर बघायला गेले, तेव्हा घरमालक सरांनी खोल्या दाखवायच्या आधी मला जिना चढायला लावला. मी वर पोचले. मागून ते आले. हातात किल्ल्या, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी.

"ताई, आत्ता चढताना श्वास तोंडानं घेतला का नाकानं?"

मला वाटलं होतं, पाणी कधी येतं, कचरागाडी कधी येते, हे सांगतील. मी म्हटलं, "लक्ष नाही दिलं."

"तोंडानं घेतला. मी आईकलं." थोडा विचार करून म्हणाले, "हरकत न्हाई. सुधरंल." आणि किल्ली माझ्या हातात ठेवली.

त्या घरात वरच्या मजल्यावर मी बरीच वर्षं राहिले. आता केडगावला माझं स्वतःचं घर आहे. पण जिना कुठलाही असो, अर्ध्यावर गेल्यावर माझं तोंड आपोआप मिटतं.

सर मूळचे तिसगावकडचे. तरुणपणी कुस्त्या खेळलेले, मग शाळेत पी.टी.चे शिक्षक. निवृत्त झाल्यावर शिट्टी शाळेत ठेवून यायची असते हे त्यांना कुणी सांगितलं नसावं. एक शिट्टी म्हणजे चहा, दोन शिट्ट्या म्हणजे दाराशी कुणी आलंय. त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, दोन्हींकडे सारखंच दुर्लक्ष करायच्या.

माणसं दुसऱ्याचे कपडे बघतात, गाडी बघतात. सर श्वास ऐकायचे. टीव्हीवर पुढाऱ्याचं भाषण लागलं की ते डोळे मिटून बसत. भाषण कशावर होतं हे विचारलं तर सांगता यायचं नाही. पण "वाक्याच्या मधीच तोंडानं हवा वढतोय, टिकायचा न्हाई," असा निकाल मात्र द्यायचे. भाजीवाला ओरडून थांबला की त्याला सांगायचे, "आता तोंड मिट, नाकानं घे, मंग मेथी सांग." भाजीवाला हसायचा, पण घ्यायचा.

"तोंड खायला, नाक श्वासाला," हे त्यांचं आवडतं वाक्य. "देवानं दोन खाती येगळी ठिवलीत. तुमी कशाला एक करता?"

काकू एकदा निवडणं निवडता निवडता मला म्हणाल्या, "अगं, लग्न झाल्यावर मला पैलं वाक्य काय बोलले असतील ह्ये? म्हनले, तोंड मिटून झोपत जा. मी आईला सांगितलं, मला परत ने."

"मग?"

"आई म्हनली, दारू तर पीत न्हाई ना? मंग ऱ्हा."

रोज सकाळी गच्चीवर सरांचा श्वासाचा वर्ग भरायचा. आजूबाजूच्या बंगल्यांतली पाचसहा माणसं, काकू, आणि मी. मला कुणी विचारलं नव्हतं. भाडेकरूला तो सक्तीचा आहे असं सरांनी धरून चाललं होतं. मी बायकांना गाडी चालवायला शिकवते. माझी पहिली शिकवणी आठला असायची आणि वर्ग त्याआधीच संपायचा, त्यामुळे सबब चालत नव्हती. शिट्टी वाजली की आत, शिट्टी वाजली की बाहेर. शिंक आली तरी शिट्टीची वाट बघायची.

या घरात कुत्रं येईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. सरांची मुलगी बंगळूरला होती. तिला परदेशात नोकरी लागली आणि ती आपला पग इथं सोडायला आली. सर दारातच आडवे उभे. "कुत्रं राखनीला आस्तं. ह्ये काय राखनार?" तेवढ्यात त्याचं तोंड त्यांना नीट दिसलं. बसकं नाक, कपाळाला आठ्या, मान आखूड, छाती पुढं, कान मुडपलेले. सरांचं स्वतःचं नाक आखाड्यात बसलेलं, कानही तसेच. ते वाकून बराच वेळ बघत राहिले.

"कुनासंगं खेळलाय ह्यो?" त्यांनी मुलीला विचारलं.

मुलीनं त्याचं नाव कुकी ठेवलं होतं. संध्याकाळपर्यंत तो पैलवान झाला होता.

पैलवान म्हटल्यावर खुराक आला. दूध, भिजवलेले बदाम, भाकरीवर तूप. काकूंना वाटायचं आपणच त्याला चोरून पोळी देतो. सरांना वाटायचं आपणच चोरून देतो. काही महिन्यांत तो आडवा एवढा झाला की लांबून येतोय की जातोय ते कळेना.

आणि त्याचा आवाज! जागा असला की घुरघुर, झोपला की घोरणं. खाली तो झोपला की वर माझ्या फरशीतून ऐकू यायचं. पहिल्यांदा मी कुकर लावलाय समजून उठून गॅस बघून आले. सगळ्या गल्लीला त्याचं कौतुक. मुलं त्याचं घोरणं मोबाईलवर रेकॉर्ड करून घ्यायची. कुत्रं एवढं घोरतं म्हणजे जिवाला स्वस्थता आहे, असंच सगळे धरून चालले होते. मी पण.

सरांना मात्र त्यात एक खोट दिसत होती. पैलवान तोंडानं श्वास घ्यायचा.

आता हे कुत्र्याचं आहे, ते धापेला तोंड उघडतंच, असं मी म्हणून बघितलं. सर म्हणाले, "गावाकडची कुत्री दिवसभर फिरत्यात, सावलीला बसली की तोंड मिटत्यात. ह्यो बसून बी उघडंच ठिवतो. सवय वाईट लागली."

मग पैलवान वर्गात दाखल झाला. सरांच्या शेजारी त्याची पोत्याची घडी. आम्हा सगळ्यांचं "आत-बाहेर" चालू असताना सर एका हाताची दोन बोटं त्याच्या जबड्याभोवती हलकेच धरायचे. "तोंड बंद, पैलवान. नाकानं घ्या." पैलवान थोडा वेळ डोळे मोठे करून बसायचा, मग मान झटकून सुटायचा. "जमंल, जमंल," सर म्हणायचे. जबरदस्ती त्यांनी कधी केली नाही. त्याच्यावर त्यांचा जीव होता, म्हणूनच ते शिकवत होते. ज्याच्यावर जीव नसेल त्याचा श्वास ते सुधारायला जात नसत.

उन्हाळ्यातली सकाळ होती. वर्ग सुरू झाला तेव्हाच गच्ची तापायला लागलेली. पैलवानाला कठड्यावर कावळा दिसला. तो धावला, कावळा उडाला, दुसऱ्या कोपऱ्यात बसला. असे दोनतीन हेलपाटे झाले आणि तो सरांजवळ येऊन उभा राहिला. जीभ पूर्ण बाहेर, चारी पाय फाकवलेले, आणि घशातून करवतीसारखा आवाज. सरांचा हात सवयीनं गेला. "तोंड बंद. नाकानं..."

पैलवान आडवा झाला.

सरांनी हात काढला तेव्हा त्याची जीभ जांभळी होती. जांभळं खाल्ल्यावर होते तशी. मी गाडी शिकवताना अपघात पाहिलेले आहेत. अशा वेळी बोलण्यात वेळ घालवायचा नसतो. गच्चीवरच्या नळाखाली टॉवेल भिजवला, पैलवानावर टाकला आणि त्याला उचलून खाली पळाले. गाडीचा एसी पूर्ण लावला. सर मागून आले, शिट्टी हातात गच्च धरून.

आमच्या भागातले जनावरांचे डॉक्टर तरुण होते. सकाळी कुत्री-मांजरं, दुपारनंतर खेड्यांवर म्हशी. त्यांनी पैलवानाला ऑक्सिजन लावला, इंजेक्शन दिलं, पोटावर, पंजांवर गार पाणी मारलं. जीभ हळूहळू गुलाबी झाली. मग त्यांनी बॅटरी घेऊन आम्हाला नाक दाखवलं.

"सर, ह्या नाकपुड्या बघा. भोकं नाहीत, नुसत्या चिरा आहेत. तांदळाचा दाणा जायचा नाही. आणि मागं टाळूचा पडदा लांब आहे, तो घशात लोंबतो. त्यामुळं हा घोरतो. हे झोपेचं घोरणं नाही, हवेसाठी चाललेली ओढाताण आहे. ह्या जातीची तोंडं माणसांनी चपटी करत आणली, आतलं सामान मात्र तेवढंच राहिलं."

"वजन उतरवतो. व्यायाम घेतो," सर म्हणाले.

"वजन उतरवाच. पट्टा गळ्यात नको, छातीचा घ्या. उन्हात नेऊ नका. पण एवढ्यानं भागायचं नाही. नाकपुड्या मोठ्या कराव्या लागतील, पडदा कमी करावा लागेल. ते माझं काम नाही, मी करायला जाणारही नाही. पुण्यात एक बाई आहेत, त्या नाक-घसाच करतात. मी चिठ्ठी देतो."

घरी आल्यावर सरांनी ती चिठ्ठी देवघरात ठेवली आणि विषय संपवला. "नाकाला कात्री लावायची न्हाई. जे श्वासानं बिघडलं ते श्वासानंच नीट व्हतं." जबडा धरणं त्यांनी सोडलं होतं, पण त्याच्याशेजारी बसून स्वतः मोठ्यानं नाकानं श्वास घ्यायचे, बघून शिकेल म्हणून. मी दोनदा समजावलं. दुसऱ्या वेळी त्यांनी शिट्टी वाजवली. म्हणजे बोलणं संपलं.

पुढच्या आठवड्यात पैलवान खाताना थांबला, मान लांब केली, आणि पुन्हा तो करवतीचा आवाज. या वेळी घरातल्या गारव्यात. थोड्या वेळानं सावरला. पण काकूंनी हातातलं ताट खाली ठेवलं.

मी संध्याकाळी खाली गेले तर काकू ओसरीवर, सरांच्या बरोबर समोर खुर्ची टाकून बसलेल्या. तोंड उघडं. आ करून, आवाज करून तोंडानं श्वास घेत होत्या.

"काकू, बरं वाटत नाही का?"

"झकास वाटतंय." पुन्हा आ. "पैलवानाला पुन्याला नेईपत्तुर मी अशीच श्वास घेनार. ह्यांच्याम्होरं. जेवताना बी."

सर भिंतीकडे तोंड करून बसले होते. कान मात्र लाल झाले होते. काकूंनी खुर्ची उचलली आणि भिंतीच्या बाजूला जाऊन बसल्या. रात्रीच्या जेवणापर्यंत सरांची विकेट पडली.

"फकस्त दाखवायला न्यायचं," ते मला म्हणाले. "कापाकापी न्हाई."

"बरं. उद्या उजाडायच्या आत निघू, ऊन लागायला नको."

माझी गाडी शिकवणीची. टपावर पाटी, मागं मोठ्ठा 'एल', आणि डाव्या सीटपुढं शिकवणाऱ्यासाठी जादा ब्रेक. सर डावीकडे बसले. मागं पैलवान घुरघुरला की घाबरून त्यांचा पाय ब्रेकवर जायचा. पुण्याच्या वाटेवर, सुप्याच्या आधी मागचा एक ट्रक आमच्यावर येता येता राहिला. ट्रकवाल्यानं काच खाली करून विचारलं, "मावशी, शिकून झाल्यावर या ना हायवेला!" मी गाडी बाजूला घेतली आणि सरांना मागं बसवलं.

मागं त्यांना एसीचा त्रास. बंद खोलीतल्या हवेला ते उष्टी हवा म्हणत. पण डॉक्टरांनी सांगितलं होतं, गारवा पाहिजे. सरांनी मफलर कानाला गुंडाळला आणि उष्टी हवा खाल्ली. पुण्याच्या तोंडाशी, वाघोलीत गाड्या अडकल्या. ऊन वर आलं होतं, पुढं काही हलेना. आरशात मला दिसत होतं, सर ओल्या रुमालानं पैलवानाचं पोट पुसतायत आणि त्याच्या प्रत्येक श्वासाबरोबर त्यांची स्वतःची छाती वर जातेय. तो थांबला की ह्यांची पण थांबायची.

"सर, तुम्ही तरी घ्या," मी म्हटलं.

पुण्याच्या डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या, बोलायला तुटक. पैलवानाला तपासलं, चार पावलं चालवलं, कान लावून घसा ऐकला. सर त्यांच्याकडे निरखून बघत होते.

"बाई, तुमी श्वास कुठनं घेता?"

"वेळ मिळाला तर नाकातून, काका. ऑपरेशन करावं लागेल. जितका उशीर तितका घसा आतून आणखी खेचला जाणार."

"नुसतं दाखवायला आनलंय."

बाईंनी वाद घातला नाही. टेबलाचा खण उघडला आणि कागदाची बारीक नळी काढून दिली, थंड पेयाला असते ती. "नाक चिमटीत धरा. ही तोंडात. हवा फक्त हिच्यातून घ्यायची. खाली जा आणि जिन्यानं वर या. तिसरा मजला आहे, फार नाही. त्रास झाला तर नळी काढून टाका." मग पैलवानाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "तुम्ही काढू शकता. हा नाही."

सर हटणारे नव्हते. उभा जन्म श्वासावर काढलेला माणूस. खाली गेले, नाक धरलं, निघाले. मी मागं. पहिला मजला त्यांनी ऐटीत काढला. दुसऱ्याच्या अर्ध्यात पाय जड झाले. नळीतून बारीक घुरघुरता आवाज यायला लागला. तोच आवाज. पैलवानाचा, आम्ही रोज गच्चीवर ऐकायचो तो. दुसऱ्या मजल्यावर ते पायरीवर बसले, नळी ओढून काढली, आणि तोंड उघडलं. पूर्ण. एवढ्या वर्षांत त्यांना तोंडानं श्वास घेताना मी पहिल्यांदा बघितलं.

कपडे वाळत घालणारी एक बाई दारातून म्हणाली, "पाणी देऊ का आजोबांना?"

सरांनी हातानं नको म्हटलं. हातातल्या नळीकडे बघत राहिले.

"ताई, एवढंच दार हुतं त्याला उघडं," ते म्हणाले. "आन् म्या रोज जाऊन त्येच लावत हुतो."

मी सांत्वन करण्यातली नाही. मी म्हटलं, "उठा सर. वर जाऊन हो म्हणा."

उरलेला मजला ते सावकाश चढले. दारातूनच बाईंना म्हणाले, "कापा."

तपासण्या झाल्या आणि दुसऱ्या दिवशी पैलवानाला आत घेतलं. बाईंनी आधी स्पष्ट सांगितलं होतं: कापण्यापेक्षा भीती असते ती शुद्धीवर येताना. घशाला सूज असते. म्हणून श्वासाची नळी शेवटपर्यंत ठेवायची; तो जागा होऊन स्वतः ती चावायला लागला की मगच काढायची.

ते "चावायला" सरांनी धरून ठेवलं. बाहेरच्या बाकावर आम्ही दोघं. आतून कुणीही आलं की सर उभे राहायचे. "चावली का?" औषधं घेऊन निघालेल्या मुलीला विचारलं. फरशी पुसणाऱ्या बाईला विचारलं. मांजर घेऊन आलेल्या एका गृहस्थाला विचारलं, ते मांजर छातीशी धरून लांब जाऊन बसले. काकूंचा फोन आला, तर सरांनी उचलून "अजून न्हाई चावली" एवढं सांगितलं आणि ठेवला. मग काकूंनी मला फोन केला. "काय चावायचंय गं? कुनाला?"

शेवटी बाई स्वतः आल्या. तोंडावरचा मास्क खाली ओढला.

"चावली, काका. चांगली कराकरा चावली. नळी काढलीय. स्वतः घेतोय श्वास."

सर खाली बसले. शिट्टी तोंडाला लावली, मग हे इस्पितळ आहे हे लक्षात येऊन परत खिशात ठेवली. मी खाली जाऊन दोन चहा सांगितले. दोन्ही त्यांनीच प्यायले.

पैलवानाला त्यांनी एक दिवस जास्त ठेवून घेतलं आणि मग घरी पाठवलं. नाकाला टाके, खायला फक्त मऊ, बदाम बंद. तूप बंद झाल्याचं काकूंना पैलवानापेक्षा जास्त लागलं. आम्ही निघताना डॉक्टरीणबाई बजावून म्हणाल्या होत्या, "हा आता शर्यतीचा कुत्रा झाला असं समजू नका. ऊन टाळा, वजन सांभाळा. पण झोप लागेल त्याला."

काही आठवडे गेले. टाके विरघळले. वर्ग पुन्हा सुरू झाला होता, आता उन्हाच्या बराच आधी. सर सांगायचे तसंच सांगायचे, पण कुणी धाप लागून तोंड उघडलं तर त्याच्याकडे बघायचे नाहीत. आमच्यातल्या एका दम्याच्या काकांना तर म्हणाले, "तुमाला जमंल तिथनं घ्या."

एका सकाळी आमचं आत-बाहेर चालू होतं. सरांनी थांबायची शिट्टी ओठांशी नेली आणि तशीच खाली घेतली. हात वर करून आम्हाला थांबवलं. शिट्टीशिवाय वर्ग थांबलेला मी कधी पाहिला नव्हता, म्हणून मला वाटलं, काहीतरी बिघडलं. पोत्याच्या घडीवर पैलवान कुशीवर पडला होता. तोंड मिटलेलं. मी एक पाऊल पुढं टाकलं. मग त्याची कूस वर गेली. खाली आली. पुन्हा वर गेली.

"आईका," सर हळूच म्हणाले.

आम्ही सगळे कान देऊन उभे. खाली रस्त्यावर दुधवाल्याची गाडी गेली, कुठंतरी नळ सुटला होता.

"कायच आईकू येत न्हाई," काकू म्हणाल्या.

"त्येच आईका," सर म्हणाले.